नक्षी शाबूत असलेला टायर

मोटारीचा टायर झिजून संपतो. ट्रेलरचा टायर बहुधा जागच्या जागी म्हातारा होऊन संपतो. कळायला हे सोपं आहे, पटायला नाही. फीनिक्समध्ये आमच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत एक लहान प्रवासी ट्रेलर उभा असतो. दोघांपुरतं अंथरूण, दोन बर्नरची शेगडी, कमरेएवढा फ्रिज, पाण्याची टाकी आणि या सगळ्याखाली एकच एक्सल, म्हणजे चाकं दोनच. उन्हाळा अंगावर यायला लागला की गाडीमागे तो जोडून उत्तरेला फ्लॅगस्टाफच्या पाइनच्या रानात जायचं, हिवाळ्यात वाळवंटात कुठेतरी दोन-तीन रात्री काढायच्या, की पुन्हा तो आपल्या जागी. मोटार महिन्या-दीड महिन्यात जेवढी पळते तेवढी धावही त्याला वर्षभरात मिळत नाही. साहजिकच त्याच्या टायरांची नक्षी कधी जातच नाही. बदलायची वेळ आली तेव्हाही ती नव्यासारखी खोल होती.

आपला डोळा टायर जोखतो तो नक्षीवरून. माझ्या लहानपणी वडिलांच्या स्कूटरचा टायर आधी मागे झिजायचा, मग पुढे जायचा, मग स्टेपनीत. पार गोटा होऊन आतली तार डोकवायला लागली की त्याची सुटका व्हायची. वस्तू पुरती वसूल होईपर्यंत ती टाकायची नाही, हा धडा घराघरात असाच दिला गेला आणि तो चुकीचा नव्हता. रोज पळणाऱ्या टायरला तो अजूनही लागू आहे. उभ्या टायरला लागू नाही एवढंच.

कारण रबराच्या आत आहे. टायरच्या मिश्रणात ओझोनपासून बचाव करणारी रसायनं आणि मेण घातलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, मोकळा होतो, तसं ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या टायरला ही मालिश मिळत नाही. बाजूच्या भिंतीवर ऊन आणि ओझोन आपलं काम करतात, केसाएवढ्या चिरा पडतात. या चिरा निदान दिसतात तरी. न दिसणारं नुकसान जास्त वाईट: आत दाबून भरलेल्या हवेतला प्राणवायू रबरातून झिरपत पोलादी पट्ट्यांपर्यंत जातो आणि त्या पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर कडक, ठिसूळ करत नेतो. उष्णता या सगळ्याला घाई करते. २०२३ साली फीनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा रोज ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ४३ सेल्सिअसला, पोचला किंवा त्यापुढे गेला. त्या महिन्यात आमचा ट्रेलर एक फूटही हलला नव्हता. टायरांचं वय मात्र त्या महिन्यात नक्कीच एका महिन्याहून जास्त वाढलं असणार.

किती वर्षांनी बदलायचे, याचं एकच उत्तर नाही. ट्रेलरवाले तीन ते पाच वर्षं म्हणतात. मोटारीच्या टायरबद्दल मिशेलिनचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा झाली की दिसायला कसाही असला तरी काढा. मी वाळवंटात राहते, तेव्हा माझ्यापुरता निर्णय पाच उन्हाळ्यांचा. सहावा नाही. याला शास्त्रीय आधार किती, असं कोणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. पण एकाच एक्सलचा ट्रेलर असेल तर घासाघीस करायला जागा फार थोडी असते. दोन एक्सलवाल्याचा एक टायर गेला तर शेजारचा काही काळ भार उचलून धरतो. माझ्याकडे शेजारचा नाही.

वय वाचायचं टायरच्या अंगावरच. 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे म्हणजे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. भारतातल्या टायरांवरही हे चार आकडे असतात. गंमत अशी की पूर्ण ओळ बहुतेकदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू आत गेलेली असली तर विजेरी घेऊन ट्रेलरखाली पाठीवर सरपटत जावं लागतं. मी गेले. निघाले तेव्हा निर्णय झालेला होता.

कोल्हापूरला माझा मामेभाऊ ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे. त्याला फोटो पाठवले तर त्याचा लगेच फोन. "ताई, एवढी नक्षी शिल्लक असताना टायर काढतीस व्हय?" त्याच्या धंद्यात टायरचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजतात. ट्रकचा टायर महिनोन्‌महिने रात्रंदिवस पळतो, झिजतो, रिमोल्ड होऊन पुन्हा पळतो. म्हातारा व्हायला त्याला सवडच मिळत नाही. उभं राहून टायर मरतो ही कल्पना त्याला चैनीतली वाटली आणि ती तशी आहेही. पण दुसरा प्रश्न त्याने विचारला तो मात्र इथल्या दुकानदारानेही विचारला नव्हता. "काट्यावर घातलीस काय गाडी?"

टायर निवडणं खरं तर इथून सुरू होतं. दुकानात जाऊन 'होता तसाच द्या' म्हणण्यात एक गृहीत लपलेलं असतं, की कारखान्याने बसवला तो योग्यच होता. माझ्या ट्रेलरचा एक्सल ३,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,५८८ किलोंचा. त्यावर आलेले टायर 'स्पेशल ट्रेलर' या वर्गातले, २०५/७५ आर १४ मापाचे, भारश्रेणी 'सी'. हा टायर ५० पीएसआय हवेवर १,७६० पौंड उचलतो. दोन टायरांचे झाले ३,५२०. एक्सल ३,५०० चा आणि टायर ३,५२० चे! वीस पौंडांची सवलत म्हणजे जेमतेम नऊ लिटर पाणी. कायद्याने हे बसतं. पण कायद्यात बसणं आणि जुलैच्या दुपारी डांबरी रस्त्यावर तग धरणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. अमेरिकेतल्या आरव्ही उत्पादकांच्या संघटनेने २०१७ मध्ये आपल्या सदस्यांना टायरांची क्षमता एक्सलपेक्षा किमान दहा टक्क्यांनी जास्त ठेवायला लावलं, त्यामागे हाच हिशेब असावा. त्याआधीचे असंख्य लहान ट्रेलर रस्त्यावर आहेत आणि त्यांचे मालक इमानेइतबारे 'होता तसाच' टायर पुन्हा पुन्हा घेत आहेत.

महामार्गालगतच्या ट्रक थांब्यांवर इथे वजनकाटे असतात. गाडीचा पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलरचा एक्सल तीन वेगळ्या फळ्यांवर उभे करायचे, तिन्ही आकडे कागदावर छापून मिळतात. मात्र ट्रेलर भरायचा तो खऱ्या सहलीसारखा. रिकाम्या ट्रेलरचं वजन करणं म्हणजे उपाशीपोटी साखर तपासून जेवणानंतरची सांगणं. आम्ही तो भरला तेव्हा त्यात काय काय निघालं ते लिहायला हवं: दोन कुकर, कारण डाळ-भात एकात होतो पण उसळ वेगळी, दहा किलोची तांदळाची गोणी, चार दिवसांसाठी, लोखंडी तवा, बिडाचं आप्पेपात्र, नवऱ्याची हत्यारांची पेटी, जिच्यातला निम्मा ऐवज आमच्या गाडीच्या कुठल्याही नटाला लागत नाही, चार घडीच्या खुर्च्या, दोन माणसांसाठी. पाण्याची टाकी भरलेली. वीस गॅलन पाणी म्हणजे १६७ पौंड, ७६ किलो. एक जास्तीचा माणूसच तो, कायमचा एका कोपऱ्यात बसलेला.

एक्सलवर भरले ३,१५० पौंड. ट्रेलरच्या एकूण वजनातला दहा-पंधरा टक्के भाग जोडणीच्या दांड्यावरून गाडीवर जातो, तो यात नाही. वाटलं, बरं आहे, साडेतीनशे पौंड हाताशी आहेत. मग एका सेवानिवृत्त शेजाऱ्यांकडून चाकाखाली सरकवायचे सपाट काटे आणले आणि दोन्ही चाकं वेगवेगळी तोलली. डावं १,६९०, उजवं १,४६०. फ्रिज, शेगडी आणि बॅटरी एकाच बाजूला. आराखडा करणाऱ्याने सोय पाहिली, तोल नाही. म्हणजे डावा टायर आपल्या कमाल क्षमतेच्या ९६ टक्क्यांवर चालत होता. सरासरी ज्याला झाकते तो भार एका टायरला प्रत्यक्ष वाहावा लागतो, हे एखाद्या पुस्तकातही वाचता येतं. पण ते काट्यावर आपल्याच तांदळाच्या गोणीसकट दिसलं की वेगळं वाटतं.

मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याने २०१८ ची आठवण काढली. त्या वर्षी भारत सरकारने ट्रकच्या एक्सलभाराची मर्यादा वाढवली, तीन एक्सलचा ट्रक २५ टनांवरून २८.५ टनांवर गेला. "कागदावर टन वाढलं, टायर तोच ऱ्हायला," तो म्हणाला. मग आणखी काही बोलला ते छापण्यासारखं नाही.

त्याच मापात भारश्रेणी 'डी'चा टायर मिळतो. रिम बदलावी लागत नाही, टायर मडगार्डला घासत नाही आणि क्षमता १,७६० वरून २,०४० पौंडांवर जाते. डाव्या चाकाचे १,६९० आता ८३ टक्के झाले. पण इथे एक मेख आहे आणि ती दुकानात फारसं कोणी सांगत नाही. २,०४० हा आकडा ६५ पीएसआयचा आहे. 'डी'चा टायर घेऊन त्यात जुन्या सवयीने ५० ची हवा भरली, तर तो जवळपास 'सी'एवढाच भार उचलतो. जास्तीचे पैसे रबराला मिळतात, भार हवाच उचलते. बरं, ६५ ची हवा पेलणारी रिम हवी. तिच्या मागच्या बाजूला कमाल भार कोरलेला असतो, तो वाचून घ्यावा. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पर्यंत चालतो असं मानतात, म्हणजे आपण त्याच्याही काठावरच. धातूचा व्हॉल्व्ह बसवून घेतला. किंमत फुटकळ होती. आणि कडक टायरची शिक्षा आतल्या सामानाला होते. प्रत्येक खड्डा कपाटापर्यंत जातो, बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होतात. म्हणून 'सी'वरून 'डी'वर जावं, त्याहून वर नाही, हे माझं मत. वजन कमी करता येत असेल तर तो उपाय आणखी चांगला. चारपैकी दोन खुर्च्या आम्ही काढल्या. आप्पेपात्र राहिलं.

मोटारीचाच टायर का नको, हा प्रश्न दर वेळी निघतो. मापं जुळतात, किंमत कमी, शिवाय त्यावर विश्वास बसावा असे शिक्के असतात. याच मापाच्या मोटारीच्या टायरवर भारांक ९५ असतो, म्हणजे ६९० किलो, १,५२१ पौंड. तो ट्रेलरला लावायचा तर नियमाने १.१ ने भागायचं. उरतात १,३८० च्या आसपास. माझ्या उजव्या चाकालाही ते पुरत नाहीत. मोटारीचा टायर वळणावर पकड धरायला, ब्रेक लागायला, प्रवाशाला हिसके बसू नयेत म्हणून घडवलेला असतो. ट्रेलरच्या टायरला यातलं फारसं करायचं नसतं. तो ओढला जातो. त्याची बाजूची भिंत ताठ ठेवली जाते, कारण मागून डोलणारं ओझं सरळ राखणं हे त्याचं खरं काम.

मात्र ही जास्तीची भारक्षमता फुकट मिळालेली नाही. ट्रेलरच्या टायरांचे भाराचे तक्ते बनले तेव्हा कमाल वेग ताशी ६५ मैल, साधारण १०५ किलोमीटर, धरलेला होता. वेग वाढला की टायर मिनिटाला जास्त वेळा दबतो आणि सुटतो, प्रत्येक दाबात थोडी ऊर्जा उष्णता होऊन रबरात राहते. हवा कमी, भार जास्त, वेग जास्त, यातलं काहीही असो, परिणाम एकच: तापणं. मग पट्ट्या सुटतात, नक्षीचा पट्टाच्या पट्टा उलगडून मडगार्डवर आपटतो, आणि पुढे गाडी चालवणाऱ्याला हे कळतं ते शेजारून जाणाऱ्या एखाद्याने हात केला तर. तोवर खालची गॅसची नळी, वायरी, फळी फाटलेली असते.

अलीकडच्या टायरांवर वेगाची अक्षरं असतात: 'एल' म्हणजे ७५ मैल, 'एम' म्हणजे ८१, 'एन' म्हणजे ८७. मी 'एन'चे घेतले आणि ६२-६३ ने चालवते. अ‍ॅरिझोनाच्या आंतरराज्य महामार्गांवर ७५ ची पाटी आहे, त्यामुळे मागून ट्रकही खेकसतात. कोलोरॅडो नदी ओलांडून कॅलिफोर्नियात शिरलं की ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाला कायद्याने ५५ ची मर्यादा. तिथे निदान माझ्या हळू चालण्याला सरकारी पाठबळ असतं.

कंपनीच्या नावावर मी सगळ्यात कमी वेळ घालवला. या विषयावर इथल्या ट्रेलरवाल्यांत धर्मयुद्धं होतात. 'चायना बॉम्ब' हे टोपणनाव कुणाच्या तरी फुटलेल्या टायरपाशी जन्मलं आणि मग सगळ्यांनाच चिकटलं. त्यात तथ्य नाही असं नाही. स्वस्त टायर स्वस्त कारणांमुळेच स्वस्त असतो. पण बरीच वर्षं लहान ट्रेलरचे बहुतेक टायर चीनमधूनच येत होते, तेव्हा फुटणारे बहुतेकही तिथलेच असणार. त्या फुटलेल्यांपैकी किती जण काट्यावर गेले होते? गुडइयरने २०१७ मध्ये आपल्या जुन्या 'मॅरेथॉन'च्या जागी अमेरिकेत बनलेला 'एन्ड्युरन्स' आणला, त्याला ही हवा फार मानवली. माझ्या मापात चांगली नावं असलेले दोन-तीन टायर होते. त्यांतला जो सर्वांत ताज्या तारखेचा मिळाला तो घेतला.

नावांची भांडणं एवढी माजतात याला कारणही आहे. घेणाऱ्याला दुसरी कुठली मोजपट्टीच दिलेली नाही. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले, अमेरिकेत हाहाकार झाला, त्याच वर्षी संसदेने कायदा केला. त्यातून मोटारींच्या टायरांच्या चाचण्या कडक झाल्या, हवेचा दाब कमी झाला की इशारा देणारी यंत्रणा नव्या मोटारींना सक्तीची झाली. ट्रेलरचा टायर त्या कडक चाचण्यांतून वगळला गेला, ट्रेलरला ती यंत्रणाही सक्तीची नाही. झीज, पकड आणि तापमान यांची जी श्रेणी मोटारीच्या टायरवर छापलेली असते तीही ट्रेलरच्या टायरवर नसते. म्हणजे जो टायर सर्वांत जास्त भार घेऊन सर्वांत जास्त काळ उन्हात उभा राहतो, त्याच्याबद्दलच सर्वांत कमी माहिती. व्हॉल्व्हवर बसवायचे दाबमापक मी स्वतंत्र घेतले. काटकसरीच्या यादीतून खोडायची ही शेवटची वस्तू.

ताजी तारीख मिळवणं हे काम मात्र चिकाटीचं होतं. १४ इंची ट्रेलर टायर हा काही रोज खपणारा माल नव्हे, तो फळीवर पडून राहतो. एका दुकानात 'नवा' म्हणून दाखवलेला टायर अडीच वर्षांचा निघाला. माझ्या पाच उन्हाळ्यांतले दोन त्याने माझ्याआधीच पाहिले होते, गोदामात का होईना. मी फोनवरच चार आकडे विचारायला लागले. एका मुलाने कंटाळून विचारलं, "मॅडम, तुम्ही टायर घेताय की दूध?" उपमा त्याची, पण चोख होती.

बसवल्यावर नट टॉर्क रेंचने आवळायचे आणि १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा तपासायचे असतात. रिम बसते, नट सैल होतात. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहायची. या हवेचा एक मजेशीर हिशेब फ्लॅगस्टाफच्या वाटेवर दिसतो. ६५ च्या टायरमध्ये तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब सुमारे दीड पीएसआयने उतरतो. फीनिक्स सुमारे ११०० फुटांवर, फ्लॅगस्टाफ ७००० वर. वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब घटतो आणि मापकावर तेवढाच, सुमारे पावणेतीन पीएसआय, वाढलेला दिसतो. गारवा काढून घेतो त्यातलं बरंचसं उंची परत देते. तिथल्या थंड सकाळी मापक घेऊन उगाच हवा भरत बसायचं कारण राहत नाही.

जुने दोन टायर दुकानाने ठेवून घेतले आणि विल्हेवाटीचे पैसे वर लावले. हे ऐकून मामेभावाला खरा धक्का बसला. "आमच्याकडं हजार रुपये देऊन कुणीतरी नेला असता. ऊसाच्या टायरगाडीला." बरोबर आहे. बैलाच्या चालीत रबर तापत नाही. तिथे ते टायर आणखी कितीतरी हंगाम निघाले असते. तेवढ्यात त्याने स्टेपनीचं विचारलं. ती मी बदललेली नाही. ती जुन्यांच्याच वयाची, 'सी'चीच, पण कव्हराखाली असते आणि भाराखाली कधी तापलेली नाही. तिच्यावर ४५ च्या वेगाने जवळच्या गावातल्या दुकानापर्यंत जायचं, पुढे नाही, असं मी ठरवलंय. शेजाऱ्यांना हे मान्य नाही. वयाचा नियम लावायचा तर तिन्हींना लावा, असं ते म्हणतात. मामेभावाला पूर्णपणे मान्य आहे, आणि तेच मला जरा खटकतंय.